एकोणतीस अंकांचा वारसा

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, अशी विश्वस्त मंडळाने आज्ञा केली, तेव्हा प्रथम संकोच वाटला. मी काही विद्वान नव्हे. वाणिज्य शाखेचा पदवीधर, आणि आयुष्यभर गज, वार आणि मीटर मोजलेला एक कापड व्यापारी. शास्त्रावर लिहिण्याचा अधिकार साधु-साध्वींचा व पंडितांचा. परंतु हिशेब हा आमचा पिढीजात विषय, आणि आपल्या आगमग्रंथांत एक हिशेब असा आहे की ज्याने गेली चाळीसहून अधिक वर्षे माझी पाठ सोडलेली नाही. त्या एका संख्येची हकीकत आपणा सर्वांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ती संख्या अशी:

७९,२२,८१,६२,५१,४२,६४,३३,७५,९३,५४,३९,५०,३३६

अंक मोजून पाहावेत. बरोबर एकोणतीस भरतात. श्वेतांबर परंपरेतील अनुयोगद्वार सूत्रात गर्भज मनुष्यांची किमान संख्या सांगताना हिचे वर्णन येते, आणि दिगंबर परंपरेतील गोम्मटसार या ग्रंथात पर्याप्त मनुष्यांची संख्या म्हणून हीच येते. हे मनुष्य आजच्या भूगोलातील पृथ्वीपुरते नव्हेत, तर अडीच द्वीपांच्या, म्हणजे पंचेचाळीस लाख योजने व्यासाच्या मनुष्यक्षेत्रातील होत, हे आरंभीच ध्यानात घ्यावे. कारण २०२२ साली जगाची लोकसंख्या आठशे कोटींवर गेली, आणि ती लिहायला दहाच अंक पुरतात. दोन हिशेब दोन वेगळ्या खात्यांचे आहेत. ते एकमेकांत मिसळले की ताळेबंद चुकतो.

चार साक्षीदार

या संख्येची मला सर्वाधिक मौज वाटते ती तिच्या वर्णनाची. अनुयोगद्वार सूत्र परंपरेने आर्यरक्षित आचार्यांचे मानले जाते. त्यात ही संख्या अंक मांडून दिलेली नाही, तर तिची ओळख चार प्रकारांनी सांगितली आहे. पहिली ओळख अशी की ती एकोणतीस स्थानांची आहे. दुसरी, ती तीन यमलांच्या वर आणि चार यमलांच्या आत आहे. यमल म्हणजे आठ स्थानांचा गट. अर्थात चोवीस स्थानांच्या पलीकडे आणि बत्तीस स्थानांच्या अलीकडे. तिसरी, पाचव्या वर्गाने सहाव्या वर्गास गुणले असता ती मिळते. आणि चौथी, तिचे शहाण्णव वेळा अर्धे करता येते.

येथे ‘वर्ग’ शब्दाचा अर्थ नीट समजून घ्यावयास हवा. दोनचा वर्ग चार, हा पहिला. चारचा वर्ग सोळा, हा दुसरा. सोळाचा वर्ग २५६, हा तिसरा. त्याचा वर्ग ६५,५३६, हा चौथा. पाचवा येतो ४,२९,४९,६७,२९६ आणि सहावा १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६. प्रत्येक पायरीवर संख्या स्वतःलाच गुणते, त्यामुळे सहाच पायऱ्यांत ती वीस स्थानांपर्यंत जाते. या शेवटच्या दोन राशींचा गुणाकार म्हणजे आपली संख्या.

आता शहाण्णव कोठून आले? पाचव्या वर्गाचे बत्तीस वेळा अर्धे होते, सहाव्याचे चौसष्ट वेळा. गुणाकार केला की अर्धे होण्याच्या वेळांची बेरीज होते. बत्तीस आणि चौसष्ट मिळून शहाण्णव. हा नियम धवला टीकेचे कर्ते आचार्य वीरसेन यांनी ‘अर्धच्छेद’ या नावाने सविस्तर वापरला आहे. एखाद्या राशीचे जितके वेळा अर्धे करता येते, तितके तिचे अर्धच्छेद. गुणाकाराचे अर्धच्छेद म्हणजे दोन्ही राशींच्या अर्धच्छेदांची बेरीज, आणि भागाकाराचे अर्धच्छेद म्हणजे वजाबाकी. याच धर्तीवर तीनने भागण्याचे त्रिकच्छेद आणि चारने भागण्याचे चतुर्थच्छेदही सांगितले आहेत. आपल्या संख्येचे चतुर्थच्छेद अठ्ठेचाळीस होतात. पुढे युरोपात १६१४ साली नेपिअरने ज्या लघुगणकाची कोष्टके प्रसिद्ध केली, त्यातील मूळ तत्त्वाशी या विचाराचे जवळचे नाते आहे. तरीही नेपिअरची कोष्टके कोणत्याही संख्येला चालतात आणि अर्धच्छेद मुख्यतः पूर्ण भाग जाणाऱ्या राशींसाठी आहेत, हा फरकही प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. आपल्या पूर्वजांना मोठे करण्यासाठी दुसऱ्याचे खाते कमी करण्याची गरज नाही.

एकोणतीस स्थाने बरोबर आहेत की नाहीत, हे कागद-पेन्सिलीशिवायही पडताळता येते. दोनची दहा वेळा दुप्पट केली की १,०२४ होतात, म्हणजे हजाराहून किंचित अधिक. अशा दहा-दहाच्या नऊ फेऱ्या केल्या की एकावर सत्तावीस शून्यांहून थोडी अधिक राशी झाली. उरलेल्या सहा दुपटींचे चौसष्ट. चौसष्टावर सत्तावीस शून्ये म्हणजे एकोणतीस स्थाने. नऊ फेऱ्यांत प्रत्येक वेळी राहिलेले ते ‘किंचित अधिक’ साठत गेल्यामुळे चौसष्टाच्या जागी एकोणऐंशी येतात, पण स्थाने एकोणतीसच राहतात. चारही साक्षीदारांची जबानी जुळते.

संख्येचे काही गुणधर्म

या राशीला दोनखेरीज दुसरा मूळ अवयवच नाही. तीन, पाच, सात यांपैकी कशानेही तिला पूर्ण भाग जात नाही. तिचे एकूण विभाजक सत्त्याण्णव: एक, दोन, चार, आठ असे चढत चढत स्वतः ती. गंमत अशी की, तिला सोडून बाकीच्या शहाण्णव विभाजकांची बेरीज केली, तर ती या संख्येहून बरोबर एकाने कमी भरते. इतक्या मोठ्या जमाखर्चात फरक केवळ एका रुपयाचा!

सहावा वर्ग म्हणजे पाचव्याचा वर्ग. त्याला पुन्हा पाचव्याने गुणले, म्हणून ही संख्या पाचव्या वर्गाचा घनही आहे. शिवाय २८,१४,७४,९७,६७,१०,६५६ या राशीचा ती पूर्ण वर्ग आहे. सोळा हा अंक चोवीस वेळा मांडून गुणला तरी हीच संख्या येते. चोवीस म्हटले की आपले हात आपोआप जोडले जातात. परंतु ग्रंथकारांनी या चोविसाशी कोणताही संबंध जोडलेला माझ्या वाचनात नाही, म्हणून मी यास योगायोग समजतो.

नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग यांच्या काळात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. त्यात एक, दश, शत यांपासून महाक्षोभापर्यंत चोवीस स्थानांची नावे दिली आहेत. आपल्या संख्येला त्याहूनही पाच स्थाने अधिक लागतात. एवढ्या मोठ्या राशी तोंडाने सांगताना आणि हाताने लिहिताना चुका होणारच, हे प्राचीनांना ठाऊक होते. त्यावर त्यांनी योजलेला उपाय पुढील हकिकतीत आला आहे.

अक्षरांत ठेवलेले अंक, आणि माझी चूक

दहाव्या शतकात आचार्य नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती यांनी गोम्मटसाराच्या जीवकांडात ही संख्या एका गाथेत ठेवली आहे. ती गाथा वाचताना अंक दिसतच नाहीत, कारण अंकांच्या जागी अक्षरे उभी आहेत. ‘क’ ते ‘झ’ एक ते नऊ, ‘ट’ ते ‘ध’ पुन्हा एक ते नऊ, ‘प’ ते ‘म’ एक ते पाच, ‘य’ ते ‘ह’ एक ते आठ, आणि ‘न’ म्हणजे शून्य. काना-मात्रा विचारात घ्यायच्या नाहीत. वाचन एकं स्थानापासून, म्हणजे उजवीकडून डावीकडे. गाथेचे पहिले अक्षर ‘त’, म्हणजे सहा. आपल्या संख्येचा शेवटचा अंक सहा. अंकांसाठी आलेल्या अक्षरांतील शेवटचे ‘सा’, म्हणजे सात. आपल्या संख्येचा पहिला अंक सात. मधली सत्तावीस अक्षरेही अशीच एकेक करून जुळतात. छंदात बसवलेले असल्यामुळे एक अक्षर गळले तरी चाल बिघडते आणि कानाला तत्काळ खटकते.

हे मला तरुणपणी माहीत नव्हते. बी.कॉम. होऊन मी वडिलांच्या दुकानावर बसू लागलो होतो, त्या सुमारास पाठशाळेच्या खोलीत एक फलक लावायचे ठरले. ‘मनुष्यसंख्या’ असे शीर्षक आणि खाली हे एकोणतीस अंक. ग्रंथातून अंक उतरवून पेंटरला देण्याचे काम माझ्याकडे आले. मी ते मोठ्या अभिमानाने केले आणि आमच्या जुन्या मुनीमजींनी शिकवल्याप्रमाणे नवाचा ताळाही घेतला. सर्व अंकांची बेरीज १२७, त्यांची बेरीज दहा, म्हणजे एक. पाचव्या वर्गाच्या अंकांची बेरीज ५८, म्हणजे तेरा, म्हणजे चार. सहाव्याची ८८, म्हणजे सोळा, म्हणजे सात. चार सत्ते अठ्ठावीस, म्हणजे दहा, म्हणजे एक. ताळा जमला. फलक रंगला, भिंतीवर चढला, आणि वीसहून अधिक वर्षे तेथे राहिला. येणारे-जाणारे त्याला नमस्कार करीत.

पुढे एका चातुर्मासात साध्वीजींनी पाठशाळेतील मुलांना वर सांगितलेली अक्षरांची रीत शिकवली आणि गाथा सोडवून फलकाशी ताडून पाहण्यास सांगितले. मी मागे बसलो होतो. सहावी-सातवीतील एक मुलगी उठली आणि म्हणाली, “काका, अकरावे अक्षर ‘धू’ आहे, म्हणजे नऊ. फलकावर पाच आहे. बारावे ‘म’ आहे, म्हणजे पाच. फलकावर नऊ आहे.”

मी तिला म्हणालो, “बेटा, पुन्हा मोज. त्याचा ताळा मी स्वतः घेतला आहे.”

तिने पुन्हा मोजले. मीही मोजले. चूक माझी होती. ‘७५,९३’ च्या जागी मी ‘७९,५३’ उतरवले होते. शेजारचे दोन अंक अदलाबदल झाले तर बेरीज तीच राहते, म्हणून नवाच्या ताळ्याला ही चूक दिसतच नाही. हे मला, आयुष्यभर बिले तपासणाऱ्या माणसाला, ध्यानात यायला हवे होते. त्या रात्री घरी अकराचा ताळा घेतला. एकं स्थानापासून एकाआड एक अंक घ्यायचे: बरोबर संख्येत एका ओळीची बेरीज ७९, दुसरीची ४८, फरक ३१, त्यास अकराने भागून बाकी नऊ. पाचव्या वर्गाला अकराने भागले तर बाकी चार, सहाव्याला पाच. चार पंचे वीस, बाकी नऊ. जुळले. फलकावरच्या संख्येत मात्र ७५ आणि ५२; फरक २३, बाकी एक. जे काम पंधरा मिनिटांचे होते, ते मी वीस वर्षांपूर्वी केले नव्हते.

दुसऱ्या दिवशी फलक उतरवला. काहींनी सुचवले की दोन अंकांनी काय बिघडते, श्रद्धा महत्त्वाची. हा विचार मला पटला नाही. दोन अंक बदलले की ती संख्या शहाण्णव वेळा अर्धी होत नाही; ती आगमातील संख्याच राहत नाही. आम्ही वीस वर्षे नमस्कार केला तो माझ्या चुकीला.

वीरसेन स्वामींची शंका

ही घटना मनाला लागल्यामुळे मी या संख्येविषयी मिळेल ते वाचू लागलो, आणि जे वाचले त्याने थक्क झालो. आचार्य पुष्पदंत व भूतबली यांच्या षट्खंडागमावर वीरसेन स्वामींनी धवला टीका लिहिली, डॉ. हिरालाल जैन यांच्या मते ती इ.स. ८१६ मध्ये पूर्ण झाली. मूळ सूत्रात मनुष्यसंख्येची मर्यादा दिली आहे: सहाव्या वर्गाच्या वर व सातव्याच्या खाली; कोटी तीन वेळा गुणून येणाऱ्या राशीच्या वर, आणि कोटी चार वेळा गुणून येणाऱ्या राशीच्या खाली. कोटी चार वेळा गुणला की एकावर अठ्ठावीस शून्ये येतात. तीही राशी एकोणतीस स्थानांचीच. पण आपल्या संख्येचा पहिला अंक सात आहे. म्हणजे ती या मर्यादेच्या जवळजवळ आठपट आहे.

स्थाने सारखी असल्याने हा फरक सहज नजरेआड झाला असता. वीरसेनांनी तो नजरेआड होऊ दिला नाही. त्यांनी मनुष्यक्षेत्राचे क्षेत्रफळ काढले, इतकी माणसे त्यात मावणार नाहीत असे गणिताने दाखवले, आणि सूत्राच्या मर्यादेबाहेर जाणारे हे मत मान्य केले नाही. त्यांच्यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी नेमिचंद्राचार्यांनी तीच संख्या गोम्मटसारात आदराने नोंदवली. एकाच परंपरेतील दोन महान आचार्य, आणि दोन मते. दोन्ही ग्रंथ आपण मस्तकी लावतो.

कोणाचे मत ग्राह्य, हे ठरवण्याचा माझा अधिकार नाही. मला भावते ते इतकेच की, आगमातील संख्येलाही माप लावून पाहण्यात वीरसेन स्वामींना अश्रद्धा वाटली नाही. पाठशाळेतील त्या मुलीने जे केले, ते तिच्या नकळत याच परंपरेला धरून होते.

मूडबिद्री ते अमरावती

ही चर्चा आपल्याला वाचावयास मिळाली, तीही सहजासहजी नाही. धवलेच्या ताडपत्री प्रती शतकानुशतके कर्नाटकातील मूडबिद्री येथे जुन्या कन्नड लिपीत जतन केलेल्या होत्या. दर्शन होत असे, वाचन होत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांनी त्यांची नक्कल करून घेण्यासाठी पुढाकार घेतला. हे दोघेही व्यापारी वर्गातील होते, याचा मला व्यापारी म्हणून विशेष आनंद वाटतो.

त्यानंतर विदर्भातील अमरावती येथे प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांनी संपादनाचे कार्य हाती घेतले. विदिशेचे शेठ सिताबराय लक्ष्मीचंद यांच्या देणगीवर स्थापन झालेल्या जैन साहित्योद्धारक फंडातून १९३९ साली पहिला भाग प्रसिद्ध झाला, आणि सुमारे वीस वर्षांत सोळा भाग पूर्ण झाले. मनुष्यसंख्येची चर्चा तिसऱ्या भागात आहे. १९४२ च्या चौथ्या भागात लखनौ विद्यापीठाचे डॉ. अवधेश नारायण सिंह यांचा धवलेतील गणितावरील इंग्रजी निबंध छापला आहे. ते गणिताचे प्राध्यापक होते. सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने पुढे १९६३ साली गणितसारसंग्रहाचा प्रा. लक्ष्मीचंद्र जैन यांनी केलेला हिंदी अनुवाद प्रसिद्ध केला. म्हणजे हा गणिताचा वारसा आपल्या हाती येण्यात महाराष्ट्रातील दोन शहरांचा मोठा वाटा आहे.

समारोप

भगवान महावीरांचा २५००वा निर्वाण महोत्सव १९७४-७५ मध्ये साजरा झाला, त्याच उत्साहातून आपल्या ट्रस्टची स्थापना झाली. तेव्हाच्या ज्येष्ठांनी पंथभेद बाजूस ठेवून सर्वांसाठी एक पाठशाळा उघडली. श्वेतांबर आगमात वर्णिलेली आणि दिगंबर गाथेत गुंफलेली ही एकच संख्या त्या पाठशाळेच्या भिंतीवर शोभते, यात मला मोठे औचित्य दिसते.

नवा फलक लावताना आम्ही एक बदल केला. अंकांच्या खाली चार साक्षीदारही लिहिले: एकोणतीस स्थाने, तीन यमलांच्या वर व चारांच्या आत, पाचवा गुणिले सहावा वर्ग, शहाण्णव अर्धच्छेद. आता दरवर्षी नवीन मुलांना हा फलक दाखवताना प्रथम ताळा घ्यावयास सांगितले जाते, नमस्कार नंतर. ती मुलगी आज स्वतः पाठशाळेत शिकवते. मागील वर्षी तिने माझ्या नातवाकडून शहाण्णव वेळा अर्धे करवून घेतले. तीन पाने भरली, दोन ठिकाणी चूक निघाली, आणि शेवटी एक उरला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो मी माझ्या कोणत्याही ताळेबंदात पाहिलेला नाही.

पुढील पन्नास वर्षांच्या विश्वस्तांना एवढीच विनंती आहे की, या फलकाचा रंग उडाला तर तो पुन्हा रंगवावा. मात्र पेंटर शिडीवरून उतरण्यापूर्वी कोणीतरी मुलाला बोलावून अंक ताडून घ्यावेत. या लेखात जिनवाणीच्या विपरीत काही लिहिले गेले असल्यास, तसेच हिशेबात काही चुकले असल्यास, मन-वचन-कायेने मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!